पूजेआधीचे हात

गुरुजींनी यादी द्यायची आणि यजमानाने ती जमवायची, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. हळद, कुंकू, अबीर, गुलाल, सुपाऱ्या, खारका, विड्याची पाने, जानवीजोड, कापसाची वस्त्रे, फुलवाती, तेलवाती, दर्भ, पत्री. यादी आजही तीच आहे, फक्त ती वाचायची गरज उरलेली नाही. पूजासाहित्याच्या दुकानात जाऊन ‘सत्यनारायणाचं द्या’ किंवा ‘वास्तुशांतीचं द्या’ म्हटले की बांधलेली पिशवी पुढ्यात येते. आत सगळे असते. वस्त्रे कडक, वाती एकसारख्या, जानवे पुठ्ठ्याला गुंडाळलेले, दर्भाच्या नावाने कसलेसे वाळलेले गवत.

या पिशवीवर राग काढायला मी बसलेलो नाही. नोकरीवरून रात्री आठला घरी पोचणाऱ्या बाईने लक्ष वाती वळाव्यात असे सांगणारा मी कोण? माझे म्हणणे एवढेच, की यादीतल्या अर्ध्याअधिक वस्तू घरात होत असत, तेव्हा त्या करणे हा पूजेचाच पहिला भाग होता. गुरुजी आल्यावर सुरू व्हायचा तो दुसरा. दुसऱ्या भागात यजमानाचे नाव-गोत्र मोठ्याने उच्चारले जाई. पहिल्या भागात ज्यांचे हात राबले त्यांचे नाव कोणी घेत नसे, आणि म्हणूनच तो भाग हातचा गेला तेव्हा काही गेले असे कोणाला वाटलेही नाही. पुढच्या पानांत जी कृती-वर्णने आहेत ती वाचण्याआधी हे ध्यानात असावे.

जुन्या ग्रंथांत मात्र हा पहिला भाग मोजलेला आहे. शतपथ ब्राह्मणातले अग्निचयन पाहा. पाच थरांची वेदी रचण्याच्या आधी तिथे भरपूर मातीकाम आहे, आणि ते सगळेच्या सगळे कारागिरांवर सोपवलेले नाही. आषाढा नावाची वीट यजमानाची पत्नी करते. अग्नी ठेवायचे भांडे, म्हणजे उखा, यजमान स्वतः घडवतो. असले यज्ञ करणारा यजमान बहुधा राजा किंवा तालेवार मनुष्य. त्याला कुंभार मिळत नव्हता असे थोडेच? तरीही माती त्याच्याच हातात दिली. प्रवर्ग्य विधीत दूध तापवायचे महावीर नावाचे भांडे तर चाकावर चढतच नाही. मातीत वारुळाची माती, रानडुकराने उकरलेली माती मिसळून ते ऋत्विज हाताने उभे करतात. ओबडधोबड झाले तरी चालेल, पण हाताचे हवे. यज्ञाच्या पळ्यांची लाकडेही ठरलेली आहेत: जुहू पळसाची, स्रुवा खैराचा.

मापांची गोष्ट याहून गमतीची आहे. वेदीच्या विटांचे माप यजमानाच्या अंगावरून निघते. हात उंच करून तो उभा राहिला की जी उंची भरते तिला एक पुरुष म्हणायचे, आणि त्या पुरुषाच्या हिश्शांत विटा पाडायच्या. उंच यजमानाची वेदी मोठी, बुटक्याची लहान. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत मूर्तीची लक्षणे सांगितली, तिथेही मूर्तीची उंची तिच्या स्वतःच्या अंगुलांत मोजली आहे. त्याच ग्रंथात मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात कसे जावे यावर स्वतंत्र अध्याय आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करायची, त्यात राहणाऱ्या भूतमात्रांना दुसरीकडे बिऱ्हाड करण्याची विनंती करायची आणि सकाळी मध-तूप माखलेल्या कुऱ्हाडीने पहिला घाव घालायचा. सुताराच्या कामाआधी एवढी तयारी! आपण ऑनलाइन मागवलेल्या सागवानी देव्हाऱ्याचे खोके उघडतो तेव्हा एवढे काही आठवत नाही, आणि आठवून करणार काय, हाही प्रश्न आहेच.

अंगावरून माप घेण्याची ही रीत अगदी परवापर्यंत घराघरात होती ती जानव्याच्या रूपाने. टकळीवर काढलेले सूत डाव्या हाताची चार बोटे जुळवून त्यांच्या मुळाशी गुंडाळायचे. असे ९६ वेढे. एक वेढा जेमतेम वीतभर भरतो, म्हणजे सूत साधारण १८ मीटर होते. ते तिहेरी करून पीळ दिला की सहा मीटर. त्याचे पुन्हा तीन पदर केले की दोन मीटरच्या आतबाहेरचा फेर मिळतो, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत जाऊन परत येणारा. मग ब्रह्मगाठ. तीन पदर, प्रत्येकात तीन धागे, एकूण नऊ, हा हिशेब मुंजीत सगळ्यांना सांगतात. ९६ वेढे कोणाच्या बोटांवर घ्यायचे हे मात्र सांगायचे राहून जाते. ते घालणाऱ्याच्या बोटांवर घेतले तर जानवे त्याच्या अंगाला बरोबर बसते, कारण हात आणि धड एकाच माणसाचे असतात. आठ वर्षांच्या बटूच्या मांडीपर्यंत लोंबणारे जानवे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ते आजोबांच्या बोटांचे असते, नाहीतर कारखान्याचे. पीळ देताना सूत दोघांनी धरावे लागते. एकाने टोक ताणून उभे राहायचे, दुसऱ्याने टकळी फिरवायची, आणि ताण सैल पडला की मध्ये गाठोळे व्हायचेच. बाप-लेकांनी हे काम ओसरीवर करायचे म्हणजे अर्धा वेळ एकमेकांवर खेकसण्यात जाई.

जानवे पुरुषांचे, म्हणून त्याला मंत्र आहेत, नियम आहेत, ग्रंथांत जागा आहे. वाती-वस्त्रे बायकांची. त्यांना जागा आहे ती दुपारच्या जेवणानंतरच्या तासाभरात.

कापूस आधी सरकी काढून हाताने पिंजायचा, कचरा वेचायचा, मग त्याचे हलके पापुद्रे सोडवायचे. तेलवात वळताना मांडीवर किंवा पाटावर तळहाताने एक लांब घासणी द्यायची. हात घसरू नये म्हणून बोटांना चिमूटभर राख किंवा रांगोळी. पीळ किती द्यायचा यात सगळे कसब. घट्ट वळली तर तेल वर चढत नाही आणि ज्योत मिणमिणते. सैल राहिली तर ती भराभरा जळून काजळी धरते. समईत रात्रभर तेवायची वात आणि आरतीपुरती वात यांचा पीळ वेगळा, हे करणारीच्या बोटांना कळते. फुलवातीचे तंत्र निराळे. खाली गोल बूड, वर शेंडी, आणि शेंडीला दुधाचा ओला हात लावून टोक काढायचे म्हणजे ती निरांजनात ताठ उभी राहते. विकतच्या वातीत कृत्रिम धाग्याची भेसळ असली तर ती जळत नाही, वितळते. टोकाशी काळा गोळा धरतो आणि देवघरात प्लॅस्टिकचा वास येतो. शंका आली तर एक वात चिमट्यात धरून पेटवून पाहावी. निव्वळ कापूस जळून मऊ राख उरते.

वस्त्र म्हणजे कापसाची माळ. पापुद्रा दोन बोटांत चपटा करायचा, थोडे अंतर सोडून पिळायचा, पुन्हा चपटा करायचा. पिळाच्या जागी ओले कुंकू लावले की देवाचे वस्त्र तयार. गौरीचे दोरे सोळा पदरी, सोळा गाठींचे, हळदीत रंगवलेले. अनंताच्या दोऱ्याला चौदा गाठी. त्रिपुरी पौर्णिमेला काही घरांत साडेसातशे पदरांची त्रिपुरवात लावतात. लक्षवातींचा नेम घेतलेल्या बायका चातुर्मासभर रोज ठरल्या संख्येने वाती वळत, आणि त्या मोजण्याची प्रत्येकीची आपली युक्ती असे. कोणी शंभरांचे जुडगे बांधी, कोणी डब्यात तांदळाचा दाणा टाकी. उद्यापनाच्या दिवशी ज्योत गुरुजींच्या मंत्राने लागते. तोवरचे चार महिने कोणत्याही पोथीत नाहीत.

या सगळ्यांत मला सर्वांत अवघड वाटते ते आश्विन शुद्ध अष्टमीच्या महालक्ष्मीचे काम. चित्पावनांच्या घरी लग्नानंतर पहिली पाच वर्षे मुली ही पूजा करतात, रात्री घागरी फुंकतात. देवी उभी करतात तिचा चेहरा तांदळाच्या उकडीचा असतो, त्याच दिवशी केलेला. माझ्या एका मावशीचा यात हात होता आणि आजूबाजूच्या घरांतून तिला बोलावणे येई. ती मोदकाच्या उकडीला हसायची. मुखवट्याची उकड घट्ट लागते, तेल बेताने, आणि ती गरम असतानाच मळावी लागते. हात पोळतो म्हणून शेजारी गार पाण्याचे भांडे. गोळा तांब्यावर थापून ती आधी नाक उचलायची. नाक बसले की गाल आणि हनुवटी त्याच्या मागे येतात, असे तिचे म्हणणे. सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे पुढचा अर्धा तास, कारण वारा लागला की कपाळाला भेग जाते. खिडक्या बंद, पंखा बंद, वर ओले फडके, आणि कोणी दार उघडले तर त्याच्या नावाने शंख. मग काजळाने डोळे रेखायचे. डोळे रेखताना ती बोलत नसे. कुणी शिकवले म्हणून नव्हे, हात हलेल म्हणून. रात्री सगळे आळीकरी दर्शनाला येऊन ‘यंदा देवी हसरी आली’ म्हणत, तेव्हा ती बहुधा स्वयंपाकघरात पन्नास माणसांचे आवरत असे.

आपल्या हाताने केलेली पूजा, असे मी आतापर्यंत सैलपणे म्हणत आलो. ते तितके खरे नाही. गावगाड्यात पूजेचा प्रत्येक जिन्नस कोणा ना कोणा दुसऱ्याच्या हातून येई. घट कुंभाराचा, बेल आणि पत्रावळी गुरवाच्या, पाट सुताराचा. लक्ष्मीपूजनाला जिला लक्ष्मी मानून हळदकुंकू वाहतात ती शिंदीच्या पानांची केरसुणी मातंगांच्या हातची. केरसुणी देवघरात गेली. ती बांधणारा उंबऱ्याबाहेर राहिला. हस्तकलेच्या पुस्तकांत या गोष्टीवर सहसा पांघरूण घालतात आणि ‘आपली समृद्ध परंपरा’ म्हणून पुढे जातात. मला ते जमत नाही. वाती वळणारीचे नाव संकल्पात नव्हते, पण निदान ती घरात होती. म्हणून केरसुणीचे वर्णन वाचताना ते केवळ पाने सोलण्या-बांधण्याचे तंत्र म्हणून वाचू नये. हे कसब पिढ्यान्पिढ्या कोणाच्या बोटांत राहिले, आणि त्याचा मोबदला म्हणून त्यांना काय मिळाले, हेही त्यात वाचावे.

आता टिकण्याविषयी. घरात केलेल्या या वस्तूंपैकी जवळजवळ एकही टिकाऊ नाही. हरतालिकेची वाळूची पिंडी आणि सखी दुसऱ्या दिवशी पाण्यात जातात. पिठोरीच्या चौसष्ट योगिनी पिठाच्या, दीप अमावास्येचे दिवे कणकेचे. पार्थिव लिंग तर रोज करून रोज विसर्जित करायचे. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरात लिंगार्चनाची रीत अजून चालू आहे. सकाळी ब्रह्मवृंद बसून काळ्या मातीची हजारो बोटभर लिंगे पाटावर मांडतो, पूजा होते आणि सगळी नर्मदेत जातात. दुसऱ्या दिवशी माती पुन्हा तिंबायला घ्यायची. काल केलेले आज उपयोगाचे नाही, म्हणून हात रोज लागतोच. दर्भ याला अपवाद. पिठोरीच्या अमावास्येला, जिला दर्भग्रहणी म्हणतात, उपटलेला दर्भ वर्षभर चालतो. पण त्याचे बोटात घालायचे पवित्रक प्रत्येक वेळी नव्याने वळायचे आणि काम झाले की गाठ सोडून टाकायचे.

गणपती याच कुळातला. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यांनी १७९० साली धर्मसिंधू लिहिला, तेव्हा चतुर्थीच्या पूजेसाठी मूर्ती सांगताना त्यांनी पहिले नाव मातीचे घेतले. कोकणात आजही चतुर्थीच्या बऱ्याच आधी गणपतीच्या शाळेत आपला पाट नेऊन देतात आणि मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येते. करणारा दुसरा असला तरी पाट आपला, मूर्तिकार ओळखीचा, आणि येता-जाता ‘यंदा सोंड जरा बारीक करा’ म्हणायची सोय. प्लॅस्टर ऑफ पॅरिस आले आणि साच्यातून तासाला कितीही मूर्ती निघू लागल्या. पण प्लॅस्टर पाण्यात विरघळत नाही; पाणी घेऊन ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसलेले असते. मातीच्या मूर्तीने जे दुसऱ्या सकाळपर्यंत करून टाकावे ते प्लॅस्टरला महिनोन्महिने जमत नाही, आणि किनाऱ्यावर हात-पाय तुटलेले देव दिसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, कोर्टकचेऱ्या झाल्या, कृत्रिम तलाव आले. हा वाद पर्यावरणाचा म्हणून गाजला, आणि तो आहेच. पण पूजेच्या अंगाने पाहिले तरी विरघळणे हा त्या मूर्तीचा गुणच होता. न विरघळणारा पार्थिव गणपती ही गोष्टच जमत नाही.

गोव्यात या विषयाला एक वेगळीच धार आहे. तिथे काही घराण्यांत मातीची मूर्ती आणतच नाहीत. पत्रीचा किंवा कागदावर चितारलेला गणपती पुजतात. पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनच्या (धर्मन्यायालयाच्या) काळात, म्हणजे १५६० नंतर, घरात मूर्ती सापडणे जिवावरचे होते. कागद पटकन लपवता येतो आणि पत्री तर नुसता पाला, म्हणून ही रीत पडली असे सांगतात. भय संपून दोन शतके झाली तरी रीत मोडलेली नाही. त्याच घरांत गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळे, सुपारीचे घड, नारळ, काकडी, कवंडळ, घागऱ्या, कांगलां ही सगळी झाडाच्या सालीच्या दोराने टांगायची. माटोळीसाठी रानात जायचे तर कोणते झाड कुठे आहे, कोणते फळ चतुर्थीपर्यंत तयार होईल, कोणते विषारी, हे माहीत असावे लागते. माटोळी बांधणे तासाभराचे काम. रान ओळखायला उभा जन्म लागतो. गोव्याबाहेरच्या वाचकाने माटोळीच्या आकृतीवर फार वेळ घालवू नये, फळांचे वर्णन वाचावे.

घरची वस्तू घराबाहेर पडली की काय होते याचे उदाहरण डहाणू-जव्हारकडे आहे. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, देव बोलावते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन या पाड्यांवर पोचले. जिव्या सोमा मशे हा पुरुष चितारू लागला, त्याची चित्रे जगभर गेली आणि २०११ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. मशे थोर चित्रकार होता, त्यात शंका नाही. पण कागदावर जे आले त्यात तारपा होता, शेते होती, गर्दी होती. देवीचा चौक हळूहळू मागे पडला आणि सवाशिणींची नावे पद्मश्रीच्या यादीत आली नाहीत. आज चहाच्या कपावर आणि साडीच्या पदरावर वारली माणसे नाचतात. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती कपाला आणि भिंतीला एकच नाव देण्याला. लग्न झाले की भिंत पुन्हा शेणाने सारवायची असते.

पुढची प्रकरणे या क्रमाने लावलेली नाहीत. ती सोपे आधी, अवघड नंतर अशी आहेत, आणि करून पाहणाऱ्याला तेच सोयीचे. वाती आणि वस्त्रे कोणालाही जमतील. पहिल्या शंभर वाकड्या होतील, त्याही जळतात. जानव्याला टकळी हवी आणि दुसरा माणूस हवा. उकडीचा मुखवटा पुस्तकातून शिकता येणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे. तो करणारी बाई शोधा आणि तिच्या शेजारी बसा, तिला गार पाणी द्यायच्या निमित्ताने का होईना.

मूर्तीविषयी शेवटची सूचना. शाडू कोरडा आणून फोडायचा, चाळायचा, भिजत ठेवायचा आणि पाणी मुरले की खडे आणि हवेचे बुडबुडे जाईपर्यंत तिंबायचा. त्यात थोडा कापूस किंवा भिजवलेल्या कागदाचा लगदा मिसळला की तो धरून राहतो. सोंड आणि हात जोडताना दोन्ही पृष्ठभाग काडीने खरवडून पातळ मातीचा लेप द्यावा, नाहीतर वाळताना ते गळून पडतात. ऊन दाखवू नये. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत वीतभर मूर्ती सावलीत वाळायला आठवडा सहज लागतो, बूड जाड असेल तर जास्तच, आणि रंग त्याच्यानंतर. तेव्हा नारळी पौर्णिमेपर्यंत माती घरात असावी. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी ज्यांनी हे पुस्तक उघडले असेल त्यांनी ते प्रकरण सरळ ओलांडावे आणि फुलवातींपाशी यावे. एकवीस लागतात, आरतीपर्यंत होतील.